ड्राइव्ह-वेवर आलेली आरसीसी भिंत : ट्रान्सफर बीमचा मोमेंट नेमका कुठला धरायचा?

नवीसळई (पुणे)

नमस्कार मंडळी. मी स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात काम करते, दुसरं वर्ष चालू आहे. एका बीमवर अडकले आहे आणि ऑफिसात दोन मतं आहेत, म्हणून इथे विचारते.

इमारत पुण्याजवळ, भूकंपाचा झोन ३. स्टिल्ट (तळाचा मोकळा पार्किंगचा मजला) आणि वर ११ मजले. सगळं ॲल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये, त्यामुळे वरच्या बहुतेक भिंती १६० मिमी जाडीच्या आरसीसी. हॉल आणि बेडरूममधली एक भिंत खालच्या ड्राइव्ह-वेच्या बरोबर आडवी येते. तिला जमिनीपर्यंत आणता येत नाही. म्हणून ड्राइव्ह-वेच्या दोन्ही बाजूंना ६०० बाय ९०० चे कॉलम (९०० ची बाजू बीमच्या दिशेने), मध्य ते मध्य अंतर ७.५ मीटर, आणि त्यांच्यावर ६०० बाय १५०० चा ट्रान्सफर बीम (वरच्या भिंतीचा भार बाजूच्या कॉलमकडे नेणारा), असं ठरलंय. काँक्रीट एम ४०, स्टील एफई ५०० (हे त्यांच्या ताकदीचे दर्जे).

हाताने लोड काढलं. दर मजल्याला स्लॅबचे २३ आणि भिंतीचे १२, म्हणजे ३५ किलोन्यूटन प्रति मीटर. अकरा मजल्यांचे ३८५, वर बीमच्या पातळीवरचा स्लॅब आणि बीमचं वजन धरून ४३० च्या आसपास. सुरक्षेसाठी दीडने गुणून (म्हणजे फॅक्टर्ड) ६४५. लोड गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले ८ केलं की मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) येतो ४५३५ किलोन्यूटन-मीटर.

ईटॅब्स या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये भिंत शेल (पातळ पत्र्यासारखा घटक) म्हणून घेतली, नीट मेश केली (लहान तुकड्यांत विभागली), तर बीममध्ये मोमेंट दिसतो फक्त ७६०. प्रोग्राम स्टील देतो ते जवळपास मिनिमम. अकरा मजले डोक्यावर घेणाऱ्या बीमला मिनिमम स्टील घालायला हात धजावत नाही. आणखी एक गोष्ट दिसली. डायफ्रॅम (मॉडेलमधला मजल्याचा स्लॅब) रिजिड, म्हणजे अजिबात न ताणणारा, ठेवला तर बीममध्ये ॲक्शियल (लांबीच्या दिशेचं बल) शून्य, सेमी-रिजिड केला तर ६४० किलोन्यूटन टेन्शन (ओढ).

भिंतीत प्रत्येक मजल्यावर एकाच जागी ९०० मिमीचं दार आहे, एका कॉलमच्या कडेपासून ४५० मिमीवर.

४५३५ खरा की ७६०?

गिरणगाव (मुंबई)

दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांत बरोबर आहेत. पहिल्यात भिंत म्हणजे नुसतं वजन, दुसऱ्यात भिंत स्वतःच बीम झाली आहे. सेमी-रिजिडमधलं ६४० चं टेन्शन हीच त्याची खूण आहे, ते सोडू नका. बाकी कोयनाकाठ ताई सविस्तर सांगतील, त्यांनी अशा बऱ्याच इमारती तपासल्या आहेत.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

नवीसळई, बीमच्या आकड्यांकडे येते, पण आधी भिंतीचं बोलू दे. कारण बीम कितीही चांगला केलास तरी ती भिंत तिथे संपवायला झोन ३ मध्ये कोडच आडवा येतो.

आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडची २०१६ ची आवृत्ती काढ आणि उभ्या अनियमिततेचा तक्ता बघ. आडवी ताकद घेणारी भिंत तिच्याच प्रतलात लांबीच्या २० टक्क्यांहून जास्त सरकली, तर झोन २ मध्ये ड्रिफ्ट (इमारतीचं आडवं सरकणं) उंचीच्या ०.२ टक्क्यांच्या आत ठेवून चालतं. झोन ३, ४, ५ मध्ये अशा इमारतीला परवानगी नाही. तुझी भिंत तर नुसती सरकलेली नाही, संपलेलीच आहे. त्याच तक्त्यात तरंगत्या (जमिनीपर्यंत न जाणाऱ्या) कॉलमचा उल्लेख आहे : तो मुख्य लॅटरल व्यवस्थेचा (आडवं बल घेणाऱ्या सांगाड्याचा) भाग असेल किंवा तिला आधार देत असेल तर मनाई.

यावर ऑफिसात एक उत्तर हमखास मिळतं, की ही भिंत आम्ही लॅटरलमध्ये धरलेलीच नाही, तिचा स्टिफनेस (ताठरपणा) कमी करून टाकलाय. मॉडेलमध्ये ०.०१ लिहिलं म्हणून साइटवरची १६० ची एकसंध काँक्रीटची भिंत मऊ होत नाही. ७.५ मीटर लांबीची, ३३ मीटर उंचीची भिंत भूकंपात बल ओढून घेणारच. मग ते बल, आणि मुख्य म्हणजे भिंत उलथण्यातून येणारं ताण-दाबाचं जोडबल, खालच्या दोन कॉलमवर उतरणार.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो गावची इम्पीरियल काउंटी सर्व्हिसेस बिल्डिंग अभ्यास. सहा मजली आरसीसी, १९७१ च्या सुमाराला बांधलेली. टोकाची शिअर वॉल (आडवं बल घेणारी भिंत) दुसऱ्या मजल्यावर थांबत होती, तळमजल्याला तिथे नुसते कॉलम. १५ ऑक्टोबर १९७९ च्या भूकंपात पूर्वेच्या टोकाचे तळमजल्याचे कॉलम पायाशी चिरडले. इमारतीत कंपनमापक यंत्रं आधीच बसवलेली होती, त्यामुळे काय झालं याची नोंदही मिळाली. शेवटी इमारत पाडावी लागली. बीमवर आपण सगळे घाम गाळतो, पण तिथे मार खाल्ला कॉलमनी. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ ला भुजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत स्टिल्टवरच्या इमारती पडल्या. त्यातल्या कित्येकांना पहिल्या मजल्यापासून बाहेर काढलेल्या बीमवर उभे केलेले कॉलम होते.

मी कऱ्हाडची. १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरात अजून बोलला जातो. म्हणून या मुद्द्यावर मी कुणाचं मन राखत नाही.

आता पर्याय. ही एक भिंत आरसीसी असायलाच हवी का, असं आर्किटेक्टला विचार. मी काय केलं असतं सांगते. दोन्ही कॉलमवर ९०० लांबीचे आरसीसीचे तुकडे सरळ वरपर्यंत नेले असते, जमिनीपासून गच्चीपर्यंत अखंड. त्यांच्यामधल्या ६.६ मीटरमध्ये प्रत्येक मजल्यावर २०० बाय ६०० चा बीम, आणि खाली २०० ची एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत. बीम भिंतीच्या रेषेतच असल्यामुळे खोलीत कुठे दिसत नाही, आणि दार २.१ मीटरचं असल्यामुळे त्याच्या डोक्यावरून बीम आरामात जातो. हिशोब कर : स्लॅबचे २३, ब्लॉकची भिंत प्लास्टरसकट साधारण ४.५, बीमचं वजन ३ च्या आत, म्हणजे ३० किलोन्यूटन प्रति मीटर, फॅक्टर्ड ४५. टोकांना मोमेंट २०० च्या आत राहतो. एम ३० मध्ये सुद्धा २०० बाय ६०० चा छेद तेवढा एकेरी (फक्त ताणाच्या बाजूच्या) स्टीलवर घेतो. दर मजल्याचं लोड त्याच मजल्यावर कॉलमकडे गेलं. ट्रान्सफर बीम उरलाच नाही.

फॉर्मवर्कवाला कुरकुर करेल, कारण त्याच्या सायकलमध्ये एक भिंत ब्लॉकची घुसते. पण अकरा मजल्यांत मिळून एका जागेचीच ब्लॉकची भिंत आहे, आणि समोर दीड मीटर खोलीचा, स्टीलने गच्च भरलेला बीम वाचतोय. यानंतर लिफ्टचा गाभा आणि बाकीच्या जमिनीपर्यंत येणाऱ्या भिंतींवर लॅटरल बसतं का, आणि स्टिल्टचा मजला वरच्यापेक्षा मऊ पडतो का, ते मात्र नव्याने तपासावं लागेल.

तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, कारण झोन २ मध्ये हे बीम होतात आणि वाईट होतात.

७६० कुठून आला? मेश केलेल्या शेलमध्ये वरचं लोड बीमवर उतरतच नाही. ते भिंतीतूनच तिरकं होऊन दोन्ही कॉलमकडे जातं, कमानीसारखं. कमानीचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि त्यांना बीम धरून ठेवतो. धनुष्याच्या दोरीचं काम बीमकडे येतं. म्हणून मोमेंट कमी आणि टेन्शन जास्त. रिजिड डायफ्रॅममध्ये त्या पातळीवरचे सगळे नोड एकमेकांपासून हलूच शकत नाहीत, म्हणून टेन्शन शून्य दिसतं. ते शून्य खोटं आहे. ट्रान्सफरच्या मजल्याला डायफ्रॅम सेमी-रिजिडच ठेवायचा.

त्याहून धोक्याची गोष्ट पुढे आहे. ईटॅब्स बीमचं डिझाइन करताना ॲक्शियल बल हिशोबात घेत नाही, वापरणाऱ्याने ते वेगळं तपासावं असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय. म्हणजे प्रोग्रामने भिंतीला कमान मानून मोमेंट कमी केला, पण त्या बदल्यात आलेलं टेन्शन स्टीलमध्ये घातलंच नाही. ६४० किलोन्यूटनला वेगळं १४७० मिमी वर्ग स्टील लागतं. ते तुझ्या प्रिंटमध्ये नाही.

कमान खरी मानली तर किती स्टील लागेल? आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडचे डीप बीमचे (स्पॅनच्या मानाने खूप खोल बीमचे) नियम लाव. भिंत आणि बीम मिळून उंची स्पॅनपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून लिव्हर आर्म (वरचा दाब आणि खालची ओढ यांतलं अंतर) स्पॅनच्या ०.६ पट, ४.५ मीटर. ४५३५ ला ४.५ ने भाग, टेन्शन १००८ किलोन्यूटन, स्टील २३२० मिमी वर्ग. हे आयएस १३९२० (भूकंपासाठी सळयांच्या मांडणीचा कोड) च्या मिनिममहूनही कमी आहे, तुझ्या छेदाला तेच २५५० येतं. आणि कमान नाही मानली, नुसत्या बीमने सगळं उचलायचं ठरवलं, तर ८५३० मिमी वर्ग. जवळजवळ चौपट फरक.

आता तुझ्या भिंतीत कमान उभी राहते का ते बघ. तीन गोष्टी लागतात : कमानीला रस्ता, पायाशी टिकाव, आणि वेळ.

रस्ता तुझ्या दाराने अडवलाय. कॉलमपासून ४५० वर ९०० चं दार, अकराही मजल्यांवर एकाखाली एक. त्या बाजूचा तिरका दाब नेमका त्या पोकळीतून जाऊ बघतो. दारावर उरतं १६० जाडीचं, ९०० खोलीचं पट्टं, आणि ते शिअरमध्ये (कातरणाऱ्या बलाने) तडकतं. मग त्या बाजूचं लोड दाराच्या आतल्या कडेने सरळ खाली येतं आणि बीमवर कॉलमच्या कडेपासून १.३५ मीटरवर आदळतं. दार मधोमध असतं तर एवढं बिघडलं नसतं. विटांच्या भिंतींवर इंग्लंडच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये हेच दिसलं होतं. १९५२ साली त्यांनी दिलेले गुणांक बघ : भिंत अखंड असली किंवा दार मध्यावर असलं तर मोमेंट एकूण लोड गुणिले स्पॅन भागिले १००, आणि दार आधाराजवळ असलं तर भागिले ५०. नुसती दाराची जागा बदलली की दुप्पट. ते गुणांक विटांच्या भिंतीचे आहेत, तुझ्या आरसीसी भिंतीला थेट लावू नकोस, पण मर्म तेच.

पाय. सगळं लोड दोन टोकांना गोळा झालं की भिंतीचे खालचे कोपरे चिरडायला येतात. भिंतीतून येणारं फॅक्टर्ड लोड ५७७ प्रति मीटर धरलं तर एका टोकाला २१६० किलोन्यूटन. ते स्पॅनच्या दहाव्या भागावर, ७५० मिमीत उतरलं असं समज. १६० गुणिले ७५० वर स्ट्रेस १८ न्यूटन प्रति मिमी वर्ग. एम ४० साठी काँक्रीटचा वाटा ०.४ एफसीके (एफसीके म्हणजे काँक्रीटची ताकद, इथे ४०) म्हणजे १६. बीम वाचवला आणि भिंतीचा कोपरा गेला. म्हणून कॉलम ट्रान्सफरच्या वरही निदान दोन मजले जाड बाउंडरीसारखा (भिंतीच्या टोकाच्या खांबासारखा) न्यावा लागतो. बीम ताठ असला तर हा दाब जास्त लांबीवर पसरतो, हाही बीम जाड ठेवण्याचा फायदा.

वेळेचं असं, की बीम ओतला त्या दिवशी भिंत नसते. वरच्या दोन-अडीच मजल्यांची भिंत घट्ट होईपर्यंत बीम एकटाच आहे. मॉडेल एका झटक्यात सगळं लोड लावतं, त्यामुळे बीमचं स्वतःचं वजनसुद्धा ३३ मीटरच्या कमानीला टांगलं जातं. स्टेज कन्स्ट्रक्शनची (मजल्यामागून मजला लोड लावण्याची) केस चालवून बघ, आकडा ७६० च्या वर जाईल.

म्हणून माझा निर्णय असा : मोमेंट आणि शिअर दोन्ही कमान न धरता, पूर्ण ६४५ ने. कमान धरायची ती भिंतीचे कोपरे आणि बीममधलं टेन्शन तपासण्यासाठी. म्हणजे दोन्ही वागणुकींत काही मोडत नाही. कुणी याला उधळपट्टी म्हणेल, पण स्टीलचा फरक सहा हजार मिमी वर्गाचा, एका साडेसात मीटरच्या बीमला साडेतीनशे-चारशे किलो. अकरा मजल्यांसमोर तो काहीच नाही.

नवीसळई (पुणे)

ताई, मनापासून आभार. डायफ्रॅमचं तर माझ्या लक्षातच आलं नसतं. ब्लॉकच्या भिंतीचा पर्याय उद्या सरांसमोर मांडते.

पूर्ण लोडने बीम तपासला, तुम्ही म्हणता तेवढंच स्टील येतं. पण एक सांगायचं राहिलं. भिंत बीमच्या मध्यावर नाही. ड्राइव्ह-वेच्या बाजूने एलेव्हेशन सरळ दिसावं म्हणून ती बीमच्या एका कडेशी आहे. याने फार फरक पडतो का? आणि खोली वाढवून बीम १८०० चा करावा असं एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

पडतो. तुझा छेदच नापास होतो. ६०० च्या बीमच्या कडेला १६० ची भिंत म्हणजे मध्यापासून २२० मिमी सरकलेलं लोड. ५७७ गुणिले ०.२२, प्रति मीटर १२७ किलोन्यूटन-मीटर टॉर्शन (पीळ). अर्ध्या स्पॅनचं आधाराशी ४७६. आयएस ४५६ च्या सूत्राने समतुल्य शिअर काढ : २४१९ अधिक १.६ गुणिले ४७६ भागिले ०.६, म्हणजे ३६८८. स्ट्रेस ४.३९. एम ४० ला कमाल मर्यादा ४.०. भिंत मध्यावर असती तर हाच स्ट्रेस २.८८ होता. स्लॅब थोडं टॉर्शन धरून ठेवेल हे खरं, पण त्याच्या भरवशावर कागद सही करू नकोस. भिंत मध्यावर आण. एलेव्हेशनचं काम बीमला बाहेरून पातळ पडदी देऊनही होतं.

१८०० करू नकोस. आयएस १३९२० म्हणतं बीमची खोली निव्वळ स्पॅनच्या पावपटीपेक्षा जास्त नको. तुझा निव्वळ स्पॅन ६.६, म्हणजे १६५० च्या वर जाता येत नाही. १५०० बरा आहे.

सळया ३२ च्या ऐवजी २५ च्या घे. ३२ च्या अकरा लागतात आणि २५ च्या अठरा, पण अँकरेजचं (सळई टोकाला काँक्रीटमध्ये घट्ट रुतण्याचं) बघ. ही सळई कमानीची दोरी पण आहे, म्हणून ती मध्यावर जेवढी तेवढीच आधारापर्यंत न्यायची, एकही कापायची नाही. डीप बीमच्या नियमाने आधाराच्या कडेपासून आत डेव्हलपमेंट लांबीच्या (सळईची पूर्ण ताकद उतरायला लागणाऱ्या लांबीच्या) ०.८ पट लागते. एम ४० मध्ये ३२ ला ती ९१५ येते, तुझ्या ९०० च्या कॉलमात सरळ मावत नाही. २५ ला ७१५, मावते. सहा-सहाच्या तीन थरांत बसव.

रिंगा : शिअरसाठी चार लेगी (चार उभ्या पायांची) १२ मिमीची, १२० मिमी अंतरावर पुरते, रिंगेला ४१५ च्या वर स्ट्रेस धरायचा नाही हे लक्षात ठेव. पण १३९२० टोकांपासून दोन डी (डी म्हणजे बीमची उपयोगी खोली, १.४ मीटर) अंतरात १०० वर मागतं. दोन डी म्हणजे २.८ मीटर, दोन्हीकडची मिळून ५.६, आणि निव्वळ लांबी ६.६. मधल्या मीटरसाठी वेगळं काय करायचं, सगळीकडे १०० वरच दे. बीमच्या बाजूच्या फेस-सळया फक्त ०.१ टक्का देऊन थांबू नकोस. टेन्शनमध्ये अख्खा छेद ताणला जातो, म्हणून मी प्रत्येक बाजूला १६ च्या १५० वर देते.

कॉलम विसरू नकोस. संपलेल्या भिंतीला आधार देणाऱ्या कॉलमला पूर्ण उंचीत कन्फाइनिंगच्या (काँक्रीटला आवळून धरणाऱ्या) रिंगा हव्यात, आणि त्या बीमच्या वरही भिंतीत डेव्हलपमेंट लांबीएवढ्या चढल्या पाहिजेत. झोन कुठलाही असो, अशा अनियमित इमारतीला १८९३ प्रमाणे उभ्या दिशेचा भूकंपही लावावा लागतो. तो लावलास का ते बघ.

बोरघाटी (पनवेल)

मी साइटचा माणूस आहे, डिझाइनमध्ये बोलत नाही. पण वरची सगळी गणितं साइटवर चार गोष्टींवर टिकतात, त्या सांगतो.

दीड मीटरचा बीम ओला असताना मीटरला सव्वादोन टन असतो, त्यात शटरिंग आणि स्लॅब वेगळा. खाली स्टिल्टची जमीन बहुतेक वेळा भराव असते आणि पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) झालेलं नसतं. टेकू फळीवर उभे करतात, रात्री पाऊस पडला की फळी खचते आणि बीम सेट होतानाच पोट सोडतो. आधी जमीन दाबून पीसीसी करून घ्या, मग टेकू. डिझायनरने ड्रॉइंगवर टेकू कधी काढायचे हे तारखेत नाही, मजल्यात लिहावं : तिसऱ्या मजल्याची भिंत भरून सात दिवस झाल्याशिवाय काढू नये, अशा भाषेत. नाहीतर ठेकेदार क्यूब (काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा) पास झाला की काढायला लागतो, कारण ड्राइव्ह-वेतून ट्रक न्यायचा असतो.

भिंतीचे स्टार्टर (बीममधून वर निघणाऱ्या भिंतीच्या सळया) बीमच्या तळापर्यंत गेले पाहिजेत, वरच्या थरात हुक करून सोडून चालत नाही. फिटर वरूनच खोचतात, कारण तीन थर सळया बांधून झाल्यावर खाली हात जात नाही. म्हणून स्टार्टर रिंगांबरोबरच बांधायला सांगा.

बीम आणि स्लॅब एका दिवसात ओतायचे असले तरी बीम आधी, स्लॅबच्या तळापर्यंत, आणि मग थोडं थांबून स्लॅब. एकदम ओतलं की खोल बीममधलं काँक्रीट बसतं आणि स्लॅबच्या सांध्याला लांबीभर चीर पडते. नीडल (काँक्रीट हलवून बसवणारी) ४० मिमीची वापरा, सळयांमधून ती उतरते की नाही ते ओतण्याआधी कोरड्यात घालून बघा.

नवीसळई (पुणे)

बोरघाटी दादा, स्टार्टरचं आजच डिटेलमध्ये घालते. टेकू काढण्याची नोटही तुमच्याच शब्दांत.

संत्रानगरी (नागपूर)

कोयनाकाठ ताई, आमच्याकडे झोन २. तुम्ही वर ०.२ टक्के म्हणालात, म्हणजे ३६ मीटरच्या इमारतीला गच्चीवर ७२ मिमी एवढंच ना? आमच्या मॉडेलमध्ये ५० च्या आत आहे. मग भिंत संपवायला हरकत नाही असं धरू का?

कोयनाकाठ (कऱ्हाड)

आकडा बरोबर आहे, पण तो काढताना क्रॅक्ड (भेगा पडून कमी ताठर झालेला) छेद धरलाय का ते बघा. १८९३ प्रमाणे बीमला ३५ टक्के आणि कॉलमला ७० टक्के जडत्व. पूर्ण छेदाने ५० आला असेल तर क्रॅक्डने तो ७२ ओलांडू शकतो.

मंजुरी मिळाली तरी मी खालच्या कॉलमला नेहमीच्या भूकंपबलावर सोडत नाही. अमेरिकेच्या एएससीई ७ या कोडमध्ये संपलेल्या भिंतीला आधार देणाऱ्या भागांसाठी बलं वाढवून धरतात, विशेष आरसीसी भिंतींना अडीचपट. आपल्या १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीतही मऊ मजल्याच्या कॉलम-बीमना अडीचपटच होतं. ते कॉलम फुटले तर वरची अख्खी भिंत खाली येते, म्हणून मी झोन २ मध्येही अडीचपटीने तपासते. कॉलम शंभर-दीडशे मिमीने वाढतो, तेवढी जागा पार्किंगमधून मागून घेते. एल सेंट्रोच्या त्या इमारतीचं आयुष्य जेमतेम आठ वर्षांचं ठरलं हे आर्किटेक्टला सांगितलं की जागा मिळते.

रहिवासी_डोंबिवली

मी इंजिनिअर नाही. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय, स्टिल्टवर चौदा मजले. हे वाचून काळजी वाटायला लागली. बिल्डरला नेमकं काय विचारू, म्हणजे तो "सगळं कोडप्रमाणे आहे" म्हणून बोळवण करणार नाही?

कोयनाकाठ (कऱ्हाड)

दादा, दोन नकाशे मागा. स्टिल्टच्या मजल्याचा कॉलम आणि भिंतींचा, आणि नेहमीच्या मजल्याचा तोच, दोन्ही एकाच मापात. ट्रेसिंग पेपरवर किंवा खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. वरचा जो कॉलम किंवा काँक्रीटची भिंत खाली कशावरही उभी दिसत नाही, तिला लाल गोल करा. ते गोल घेऊन बिल्डरच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला लेखी विचारा : ही प्रत्येक भिंत लॅटरल व्यवस्थेचा भाग आहे का, नसेल तर ती ब्लॉकची का करता येत नाही, आणि तिच्याखालच्या कॉलमला पूर्ण उंचीत कन्फाइनिंग आहे का. डोंबिवली झोन ३ मध्ये येते. उत्तर आलं की इथे टाका, नकाशातली नावं आणि पत्ता झाकून. मी बघून सांगते.